संशोधनागार

हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासातून निघून आदिगंगेवरचा पूल ओलांडला की कालीघाटचा गजबजाट मागे राहतो. आदिगंगा हे नाव भारदस्त आहे, पाणी मात्र काळंभोर, नाल्याचं. पलीकडे अलीपूर. तिथं झाडं मोठी होत जातात, भिंती उंच होत जातात आणि माणसं विरळ. या भागात एक ठाकरे रोड आहे. मराठी माणूस ती पाटी पाहून थबकतोच. हे ठाकरे आपले नव्हेत. कंपनी सरकारच्या नोकरीतल्या एका साहेबाचं ते घराणं. त्याचा मुलगा 1811 साली याच शहरात जन्मला आणि पुढं इंग्रजीतला नामांकित कादंबरीकार झाला. प्रबोधनकारांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग त्याच्यावरून घेतलं असं सांगतात. म्हणजे ओढूनताणून का होईना, नातं लागतंच.

त्या रस्त्यावरच्या एका लांबलचक भिंतीवर बंगालीत पाटी आहे. बंगाली मला अक्षर अक्षर लावून वाचावं लागतं. प्रे-सि-डेन्-सि. सं-शो-ध-ना-गार. वाचून झालं आणि क्षणभर खरंच वाटलं, वा, भांडारकर संस्थेच्या दसपट मोठी संशोधन संस्था दिसतेय! मग दारावरचा बंदूकवाला शिपाई दिसला.

बंगालीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. चुकलेलं गणित, घसरलेलं वाक्य, बिघडलेला मुलगा, सगळ्याचं संशोधन करता येतं. शुध् या एकाच धातूतून निघालेला शब्द, गंगेकाठी शुद्ध करायला थांबला आणि मुठेकाठी येऊन शोध घेऊ लागला. पश्चिम बंगालनं 1992 साली कायदा करून आपल्या तुरुंगांना हे नवं नाव दिलं. लोक अर्थातच जेलच म्हणतात, आणि थट्टेनं म्हणायचं असलं तर श्रीघर. पोलिसाला तिथंही मामा म्हणतात, आपल्यासारखंच. मामाच्या गावाला जाण्याचा तिथला अर्थ वेगळा सांगायला नको.

आमच्या घरी तुरुंगाला 'गावाला' म्हणत. 1975 च्या जुलैमध्ये अण्णाकाका गावाला गेले आणि 1977 च्या सुरुवातीला परत आले. मी तेव्हा सहा-सात वर्षांची. एवढा वेळ कुणी गावाला राहतं का, असा प्रश्न मला पडे. पण काकू 'गावाला' म्हणताना पदराचं टोक बोटाला असं काही गुंडाळी की पुढं विचारायचा धीर होत नसे. काका शाळेत गणित शिकवत. सेवादलात जात. आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली ज्यांना उचललं त्यांच्यातले ते एक. पुढाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव कधी नव्हतं, आणि पुढं पेन्शनीच्या यादीतही आलं नाही, कारण अर्जच केला नाही.

परत आल्यावर ते पहाटे उठून अंथरुणावरच ताठ बसत. भिंतीला पाठ न लावता, उजव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून. आत असताना सकाळ-संध्याकाळ गिनतीला जोडीनं बसावं लागे, म्हणजे शिपायाला दोन, चार, सहा असं भराभर मोजता येतं. "बसले जोडीत," असं म्हणत काकू चहा आणून त्या रिकाम्या जागेवर ठेवत. ही सवय दोनेक वर्षांनी गेली. दुसरी गेली नाही. काकांनी एक शंभरपानी वही घातली होती. आपल्याला का उचललं असेल, याच्या शक्यता त्यात क्रमांक घालून लिहिलेल्या होत्या. मिसामध्ये आणीबाणीच्या दिवसांत दुरुस्तीच अशी केली होती की स्थानबद्धतेची कारणं त्या माणसाला कळवायची गरज नाही. तेव्हा ती त्यांना कधी कळली नाहीत. 1. रेशन दुकानासमोरचं भाषण. 2. तलाठ्याशी वाद. 3. पत्रकावर सही (पत्रक न वाचता). 4. हेडमास्तरांचा मेहुणा. पानामागून पान. घरात त्या वहीला आम्ही 'काकांचं संशोधन' म्हणत असू, अर्थात काका समोर नसताना.

ठाकरे रोडवरची ती पाटी वाचून मला हसू का आलं आणि लगेच का गेलं, ते या वहीमुळं.

तिथून जवळच अलीपूरचं जुनं सेंट्रल जेल. 1906 सालचं. 2019 मध्ये इथले कैदी बारुईपूरच्या नव्या तुरुंगात हलवले, आणि 21 सप्टेंबर 2022 ला लाल भिंतींच्या या तुरुंगाचं संग्रहालय झालं. आता तिकीट काढून आत जायचं. हिरवळ राखलेली, पायवाटा झाडलेल्या, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा खेळ. 1934 साली नेहरू होते ती खोली, सुभाषबाबूंची खोली, देशबंधूंची खोली. तरुण मुलंमुली कोठडीत शिरतात, गज धरून फोटो काढून घेतात, आणि फोटोत उदास दिसायचं की हसरं यावर त्यांची थोडी चर्चा होते. फाशीच्या जागेपाशी मात्र आवाज आपोआप उतरतात. क्रांतिकारक दिनेश गुप्त 1931 च्या जुलैमध्ये इथंच गेले, वय एकोणीस. आणि 14 ऑगस्ट 2004 ला स्वतंत्र भारतानं इथंच एकाला फाशी दिली, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी. संग्रहालयाला पहिली तारीख सांगायला आवडते.

मी आपली मराठी माणसं हुडकत होते. हा दोष आहे, कबूल. परगावच्या तुरुंगात जाऊनही गाववाला शोधायचा. 1921 साली अंदमानातून परत आणताना सावरकर बंधूंना काही दिवस अलीपूरला ठेवलं होतं, तेवढाच धागा. पण मला आठवत होते सखाराम गणेश देऊस्कर. मूळचं घराणं कोकणातलं, जन्म देवघरजवळ 1869 चा, आणि लिहिणं सगळं बंगालीत. त्यांनी 1904 साली 'देशेर कथा' हे पुस्तक लिहिलं. इंग्रजी राज्यात देश कसा नागवला गेला याचा आकडेवारीनिशी हिशेब. वंगभंगाच्या दिवसांत ते हातोहात गेलं. 1910 साली सरकारनं त्यावर बंदी घातली, आणि दोन वर्षांनी देऊस्कर वारले. बंगाली माणूस त्यांना आपलाच लेखक समजतो आणि मराठी माणसाला ते ठाऊक नसतात, म्हणजे दोन्हीकडून बेपत्ता. माणसाला आत टाकलं तर खोलीला नंबर असतो, पुढंमागं तिचं दर्शन घेता येतं. पुस्तकाला कोठडी नसते. ते नुसतं दिसेनासं होतं.

जुना प्रेसिडेन्सी तुरुंग पूर्वी मैदानावर होता. हरिणबाडी म्हणत त्याला. तो पाडून त्या जागी व्हिक्टोरिया मेमोरियल उभं केलं. आज लोक त्या संगमरवरासमोर चुरमुरे खात बसतात, मीही बसले. आपण एका तुरुंगाच्या अंगणात बसलोय हे ध्यानात यायला काही खूण नाही. या शहराला तुरुंग झाकायचे कसे ते चांगलं जमतं. एकावर राणी बसवली, दुसऱ्याचं संग्रहालय केलं, तिसऱ्यावर संशोधनागार अशी पाटी लावली.

खटल्याशिवाय माणूस आत ठेवायची आपल्या देशातली जुनी नि टिकाऊ लिखित सोयही इथंच, फोर्ट विल्यममध्ये, तयार झाली. 1818 चं तिसरं रेग्युलेशन. तारीख 7 एप्रिल. त्या तारखेला दुसरा बाजीराव इंग्रजी फौजेपुढं रानोमाळ पळत होता. दोन महिन्यांत तो शरण आला. एतद्देशीय राजांच्या मुलखात शांतता राहावी, परकी शत्रूपासून नि आतल्या गडबडीपासून राज्य सुरक्षित राहावं, म्हणून कधी कधी अशा माणसांनाही अटकेत ठेवावं लागतं, ज्यांच्यावर खटला भरण्याइतका पुरावा नसेल. असं त्या रेग्युलेशनच्या उपोद्घातात सरळ लिहिलेलं आहे. ही भाषा मला कौतुकास्पद वाटते. आजचे कायदे इतकं खरं बोलत नाहीत. पुरावा नाही, हे अटकेच्या आड येत नव्हतं. पुरावा नाही म्हणूनच तर हा कायदा हवा होता. वर्षातून दोनदा, जानेवारीच्या नि जुलैच्या पहिल्या तारखेला, कैद्याबद्दल गव्हर्नर जनरलकडं अहवाल पाठवायचा, त्याच्या नि त्याच्या कुटुंबाच्या पोटापाण्याचं पाहायचं, हेही त्यात होतं. जुलूमसुद्धा नीट खातेवही ठेवून.

मुंबई इलाख्यासाठी याचंच धाकटं भावंड 1827 साली आलं, पंचविसावं रेग्युलेशन. सत्तर वर्षं ते बहुतेकांच्या विस्मरणात होतं. 1897 च्या जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि जुलैमध्ये नातू बंधूंना त्याखाली उचललं. मालमत्तेवर टाच आली. खटला? तो कधीच झाला नाही. बंगालमधलं थोरलं भावंड मग लजपत रायांना मंडालेला घेऊन गेलं, 1907 साली. 1924 च्या ऑक्टोबरमध्ये सुभाषबाबूंना. ते तेव्हा कलकत्ता कॉर्पोरेशनचे मुख्य अधिकारी होते. अलीपूरच्या तुरुंगात पहिले काही आठवडे ते कॉर्पोरेशनच्या फायली बघत असत. पुढं त्यांनाही मंडाले. ज्या तुरुंगात टिळकांनी सहा वर्षं काढली तिथूनच सुभाषबाबूंनी 1925 साली न. चिं. केळकरांना टिळकांविषयी एक लांब पत्र लिहिलं. टिळकांना निदान खटला मिळाला होता, शिक्षेचा आकडा मिळाला होता. सुभाषबाबूंना 1927 च्या मे महिन्यात सोडलं तेव्हाही त्यांच्यावर आरोपपत्र नव्हतं. सहा वर्षं मोजता येतात. ज्याला शेवटच नाही ते कसं मोजायचं, हा काकांमधल्या गणिताच्या शिक्षकाला छळणारा प्रश्न होता. "शिक्षा झालेला कैदी उलटे आकडे मोजतो," ते म्हणायचे, "आम्ही सुलटे मोजायचो."

बागबाजारकडं एक मराठा डिच लेन आहे. ती पाहायला मी मुद्दाम गेले. 1742 साली नागपूरकर भोसल्यांचे बारगीर बंगालवर उतरले. त्या भयानं कलकत्त्याच्या लोकांनी वर्गणी काढून शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीन मैल झाला आणि मराठे काही कलकत्त्याला आले नाहीत. काम थांबलं. खंदक तसाच पडून राहिला, कचरा साचला, शेवटी 1799 मध्ये बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. बारगिरांनी बंगालच्या खेड्यापाड्यांत जे केलं ते लपवण्यासारखं नाही. अजून तिथं आया अंगाईत त्यांची भीती घालतात. भीती खरीच होती. पण जो आला नाही त्याच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पन्नास-पंचावन्न वर्षं शहरानं आपलाच केर टाकला, हे मला त्या गल्लीत उभं राहून फार ओळखीचं वाटलं. गल्लीत आता काही नाही. एका ओट्यावर एक म्हातारा गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होता. मी मराठी आहे म्हटल्यावर तो चष्म्यावरून बघून म्हणाला, "उशीर केलात."

स्वातंत्र्य आलं आणि आपण घटनेतच, बाविसाव्या कलमात, प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा करून दिली. ज्यांनी ती दिली त्यांच्यातले कित्येक स्वतः असे बसून आलेले. त्यांना ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणणार नाही. सत्तेच्या खुर्चीवरून खंदक गरजेचा दिसतो, एवढंच. नक्षलवादी चळवळीच्या काळात 1970 साली बंगालसाठी हिंसक कारवाया रोखण्याचा म्हणून स्वतंत्र कायदा आला. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या वर्षांतल्या निकालांच्या खंडांत बंगालमधल्या स्थानबद्धांच्या अर्जांची नुसती रीघ आहे. मग 1971 ची मिसा, मग आणीबाणी. शाह आयोगानं नंतर मोजदाद केली तेव्हा देशभरात 1,10,806 माणसं आत गेल्याचं निघालं. त्यातले आमचे एक. प्रेसिडेन्सी तुरुंगात तेव्हा गौरकिशोर घोष होते, कादंबरीकार आणि पत्रकार. लिहिण्याचं स्वातंत्र्य गेलं म्हणून सुतक पाळावं तसं त्यांनी डोक्याचं मुंडन करून घेतलं होतं. आपल्याकडं कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या, पुढच्या वर्षी त्यांनाही अटक झाली. ही नावं आपण पाठ केली आहेत, आणि ते बरोबरच आहे. नावं पाठ करण्यात सोपेपणाही आहे. नाव असलेला कैदी सरकारलाही लक्षात राहतो.

अलीपूर कोर्टाच्या आवारात मी तीन दुपारी काढल्या. काम काही नव्हतं. प्लास्टिकच्या छपराखाली मुहुरी बसलेले असतात, म्हणजे वकिलांचे कारकून. स्टँप, टंकलेखन, नक्कल. मातीच्या भांड्यातला चहा. कोर्टाची पायरी शहाण्यानं चढू नये म्हणतात, पण पायरी चढायची की नाही हे ठरवायची मुभा असलेल्यांसाठी ती म्हण आहे. तुरुंगाची गाडी मागच्या बाजूला येऊन लागते. तिच्या जाळीतून बोटं बाहेर येतात. खाली उभ्या बायका नावं पुकारतात, आतून एक हाक येते, आणि एवढ्या गदारोळात ज्याची त्याला ती बरोबर ओळखू येते. काय बोलणं होतं? भात मिळतो का, वकील आला होता का, पुढची डेट कधीची.

डेट हा तिथला देव आहे. आपल्याकडं तारीख. आपल्याकडं अजून एक शब्द आहे तो मला बंगालीत सापडला नाही. कच्चा कैदी. गुन्हा शाबीत होऊन शिक्षा झाली तो पक्का, खटला चालायचा आहे तो कच्चा. आंब्यासारखं. आत घालून ठेवला की पिकेल. 2022 च्या अखेरीला देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती आणि त्यातली 4,34,302 कच्ची, म्हणजे चारांतली तीन. जागा होती 4,36,266 जणांची. अमेरिकेत अठरा-एकोणीस लाख माणसं गजाआड आहेत आणि तिथले लोक त्याबद्दल आक्रोश करतात, तो योग्यच आहे. तिथं शिक्षा लांबतात. आपल्याकडं शिक्षेची वाटच एवढी लांब की तीच शिक्षा. आकड्यानं आपण अमेरिकेच्या मानानं किरकोळ, पण आपले बहुतेक कैदी कायद्याच्या नजरेत अजून निर्दोष आहेत, हे वाक्य मी तिसऱ्यांदा मनात म्हणून पाहिलं तेव्हा कुठं त्याचा अर्थ लागला.

मुहुरीबाबूंशी माझी ओळख चहावर झाली. माझं बंगाली त्यांनी सहन केलं. त्यांच्यापाशी मुर्शिदाबादकडची एक बाई रोज येऊन बसे. मुलगा सात महिने आत. चोरीचा आळ. "जामीन झालाय," मुहुरीबाबू म्हणाले. मग सुटला का नाही? "जामीन झालाय, दीदी. जामीनदार झाला नाही." तिचं गावाकडं घर आहे, दहा काठ्ठे जमीन आहे, पण जामीनदार हवा तो इथला, कागदपत्रं असलेला. मोतीराम नावाच्या एका गवंड्याचं हेच झालं होतं. मध्य प्रदेशातलं प्रकरण, 1978 सालचं. दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर त्यावर संतापून लिहून गेले. त्यालाही इतकी वर्षं झाली. जामीन हा शब्द मराठी-बंगालीत एकच आहे, जमीनसुद्धा. दोन्ही भाषांत त्यांच्यात एका ऱ्हस्वदीर्घाइतकंच अंतर, आणि त्या बाईला ते सात महिने ओलांडता आलं नव्हतं.

आणि मग ते, ज्यांना डेटसुद्धा नसते. 1980 साली दार्जिलिंगकडं खुनाच्या आरोपावरून एका नेपाळी माणसाला पकडलं. त्याचं मन ठिकाणावर नाही, खटला चालवता येत नाही, असं ठरलं. मग फाईल झोपली. तो मात्र जागा राहिला, शेवटी दमदमच्या तुरुंगात. कलकत्ता उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतल्यावर 2021 च्या मार्चमध्ये तो सुटला. जवळजवळ एक्केचाळीस वर्षं, शिक्षा शून्य. त्याच्यावर कुणी सूड उगवला नव्हता. कुणाला त्याची भीतीही वाटत नव्हती. सरकार जास्त झालं की काय होतं याची आपली कल्पना म्हणजे मध्यरात्री दारावर थाप. मला हा माणूस जास्त घाबरवतो. याच्यासाठी कुणी मुद्दाम काही केलंच नाही. ज्या हातानं धरलं तो हात उघडायचा विसरून गेला.

या विसराळूपणाच्या मागं कलकत्त्यात एक मराठी आडनावाची बाई लागली होती. शीला बारसे. मुंबईच्या पत्रकार. मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या बायकांना त्या भेटल्या. पंधरांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पत्राचीच याचिका झाली, आणि फेब्रुवारी 1983 च्या निकालानं बायकांसाठी वेगळी कोठडी, बायकांचा पहारा, अटकेची खबर ताबडतोब विधी साहाय्य समितीला, हे सगळं आलं. त्यानंतर तुरुंगातली मुलं. आणि 1989 मध्ये त्यांनी हात घातला तो बंगालच्या तुरुंगांतल्या अशा माणसांना, ज्यांच्यावर कसलाही आरोप नव्हता. बिनगुन्हेगार वेडे. नोंदवहीत शब्दच असा होता. रस्त्यावर भटकणारी बाई, घरच्यांना नकोसा झालेला भाऊ, स्टेशनात सापडलेली, नाव न सांगणारी मुलगी. पोलीस दंडाधिकाऱ्यापुढं उभं करत, आणि तो 'सुरक्षित ठेवण्यासाठी' तुरुंगात धाडी. वेडाची तपासणी करण्यापुरतं. मग तपासणी होत नसे, झाली तरी अहवाल जात नसे, गेला तरी कुणी बोलावत नसे. न्यायालयानं एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक कायद्याच्या अभ्यासक यांना आयुक्त म्हणून तुरुंगांत पाठवलं. 17 ऑगस्ट 1993 ला निकाल झाला. गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे, घटनाबाह्य आहे. इतकी साधी गोष्ट सांगायला त्रेचाळीस वर्षांचं प्रजासत्ताक लागलं.

मी बारसेंचा विचार करते तेव्हा त्यांच्या हातातली वही डोळ्यांपुढं येते. प्रत्यक्ष कशी होती कुणास ठाऊक. पण बराकीत शिरायचं आणि एकेकीला विचारायचं: नाव, गाव, कधी आणलं, कुणी आणलं, का. तुरुंगात घडलेलं हे मराठी अर्थाचं संशोधन. आणि पत्रानं काय होतं हे कलकत्त्यानंही दाखवलं. इथल्या विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या कापून 26 ऑगस्ट 1986 ला सरन्यायाधीशांना पाठवल्या. दहा वर्षांनी, डिसेंबर 1996 मध्ये, अटकेचे अकरा नियम आले. अटकेचा कागद करा, नातलगाला कळवा, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टर. आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात भिंतीवर हा फलक असतो, बहुधा धूळ बसलेला, कपाटामागं अर्धा गेलेला.

पक्षांच्या रंगाबद्दल माझा भ्रम उरलेला नाही. कलकत्त्यात डाव्यांना घालवून ममता बॅनर्जी आल्या आणि वर्षभरात, 2012 च्या एप्रिलमध्ये, जादवपूर विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र त्यांच्यावरचं एक व्यंगचित्र पुढं पाठवल्याबद्दल रात्रभर कोठडीत गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात काँग्रेस आघाडीच्या महाराष्ट्रात, पालघरच्या दोन मुली फेसबुकवरच्या दोन ओळींसाठी. एकीचा गुन्हा ओळी लिहिल्याचा, दुसरीचा त्या आवडल्याचा. ते कलम, 66अ, 2015 साली न्यायालयानं मोडीत काढलं, तरी प्राध्यापकांचा खटला 2023 पर्यंत सरपटत राहिला. मग भाजपच्या काळात एल्गार प्रकरण. नागपूरच्या प्राध्यापक शोमा सेन जून 2018 मध्ये आत गेल्या, जामीन मिळाला 5 एप्रिल 2024 ला. साक्षीपुराव्याला तोवर सुरुवात नव्हती. त्याच प्रकरणातले स्टॅन स्वामी चौऱ्याऐंशी वर्षांचे, कंपवातानं हात थरथरायचे, त्यांना पाणी प्यायला नळीचा पेला मिळावा म्हणून अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 ला ते गेले, कच्चेच. आरोप खरे असतील, खोटे असतील. न्यायालय सांगेल तेव्हा सांगेल. पण पेल्यासाठी तारीख? आता आपल्या विधिमंडळानं 2025 च्या जुलैमध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं आहे. खंदकाला नाव नेहमी गावाच्या भल्याचंच असतं.

शेवटच्या दुपारी मुहुरीबाबूंनी विचारलं, तुमच्या भाषेत संशोधन म्हणजे काय? मी सांगितलं. ते खूप हसले, शेजारच्या टंकलेखकाला सांगितलं, तोही हसला. मग त्यांना मी काकांच्या वहीचं सांगितलं. ते हसायचे थांबले, धंद्यातल्या माणसासारखे पुढं झुकले. किती कारणं होती? म्हटलं, एकोणसत्तर. त्यांनी मान हलवली. मुर्शिदाबादची बाई मधल्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला भाषा कळत नव्हती, तरी ती ऐकत होती.

"आणि सोडलं ते का सोडलं?" मुहुरीबाबूंनी विचारलं. "त्या हुकमावर कारण होतं?"

हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता. काका मात्र विचारत होते. ते वारल्यावर वही माझ्याकडं आली, तेव्हा मला दिसलं होतं. वही उलटी करून मागच्या पानापासून त्यांनी दुसरी यादी धरली होती. सुटकेची कारणं. त्यात एकच नोंद आहे. 1. निवडणूक. आणि तिच्यापुढं, फळ्यावर न सुटलेल्या उदाहरणापुढं काढत तसं, खडूच्या सवयीनं जरा मोठंच आलेलं प्रश्नचिन्ह.